डाव्या कोपराचा सूड

मला मारामारीचे स्वस्त सिनेमे आवडतात. हे मी मान खाली घालून सांगत नाही आणि सांगून झाल्यावर हसतही नाही. ऐकणारे मात्र हसत थांबतात, कारण त्यांना वाटतं पुढे "म्हणजे आपलं गंमत म्हणून हो, डोक्याला ताण नको म्हणून" असं काहीतरी येणार. ते येत नाही. मी चांगला ताण घेऊन बघतो.

स्वस्त म्हणजे कसे, तेही सांगून टाकतो. ज्यात गुरूची पांढरी दाढी कानामागे दोऱ्याने बांधलेली असते आणि गुरूने रागाने मान वळवली की दाढी जराशी उशिरा वळते. ज्यात नायक उडतो आणि त्याला उडवणारी तार उन्हात चमकते. ज्यात दगडी खांब लाथेसरशी कोसळतो, पण कोसळता कोसळता वाऱ्याने थोडा बाजूला सरकतो. ज्यात माणूस कितीतरी वेळ ओठ हलवतो आणि आवाज येतो, "बरं." मेलेला माणूस आपल्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून हळूच हात आवरून घेतो. लोक म्हणतात, ही चूक आहे. मी म्हणतो, हा एकच सिनेमा असा आहे की ज्यात मेलेल्या माणसालाही समज आहे.

यामागे माझ्या नोकरीचाही भाग असावा. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. म्हणजे आठवडाभर माणसं कशी पडतात ते वाचतो. माणसं साबणावरून पडतात, स्टुलावरून पडतात, स्टुलावरून उतरल्यावर पडतात. एक गृहस्थ झोपेत पडले होते आणि पडले तेव्हा जागे होते असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येकाचं काही ना काही मोडतं, आणि ते मोडलेलं आमच्या कलमात बसत नाही हे त्याला सभ्य भाषेत कळवण्याचा मला पगार मिळतो. अशा माणसाला रविवारी दुपारी कुणी गच्चीवरून खोक्यांच्या ढिगावर पडून, कपडे झटकून, "तुझा काळ जवळ आलाय" म्हणताना दिसला, तर त्याच्या मनाला किती बरं वाटत असेल याचा विचार समीक्षकांनी केलेला नाही.

माझ्याबरोबर बघायला सासूबाई असतात. त्यांना ऐकू कमी येतं. कमी म्हणजे दारावरची बेल वाजली हे त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळतं. कानाचं यंत्र आहे, ते डबीत असतं. ते लावलं की कपबशी ठेवल्याचा आवाज भिंत पडल्यासारखा येतो आणि माणसं मात्र शेजारच्या घरात बोलल्यासारखी वाटतात, अशी त्यांची तक्रार. त्यामुळे चांगले सिनेमे त्यांनी केव्हाच सोडले. चांगल्या सिनेमात माणसं अंधारात, पाठमोरी, पुटपुटत दुःख सांगतात. आमच्या सिनेमात तसं नसतं. दुष्टाच्या भुवया दुष्ट असतात. कुणी फितूर होणार असेल तर तो आधी डोळे बारीक करून डावीकडे बघतो. रविवारी जेवणं झाली की सासूबाई खुर्ची ओढून बसतात आणि मला म्हणतात, "लावा." बायको त्या वेळात झोपून घेते. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते. तिला करमणुकीची गरजच राहत नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या सोसायटीत एक चित्रपट मंडळ आहे. महिन्यातून एकदा खालच्या सभागृहात सिनेमा दाखवतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. सिनेमा निवडायची पाळी सभासदांमध्ये फिरते. मंडळ चालवतात ते एक निवृत्त प्राध्यापक. उंच, सडपातळ, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. ते काय शिकवायचे हे सोसायटीत नक्की कुणालाच माहीत नाही, पण अजून शिकवतात याबद्दल दुमत नाही. त्यांनी निवडलेल्या गेल्या सिनेमात एक म्हातारा एक कुंपण दुरुस्त करत होता. शेवटी ते दुरुस्त होतं की नाही यावर चर्चा झाली. सिनेमात ते दाखवलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा मी 'डाव्या कोपराचा सूड' हे नाव दिलं. माझ्या संग्रहातलं ते रत्न आहे. खलनायक नायकाचा उजवा हात निकामी करतो आणि नायक डोंगरावर जाऊन नुसत्या डाव्या कोपराने लढायची विद्या शिकतो. सगळे डावपेच कोपराचेच. भाकरीही तो... पण ते जाऊ दे, प्रत्यक्षच बघायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये प्राध्यापक भेटले. मी आणि सासूबाई बाजारातून येत होतो. ते हसून म्हणाले, तुमची निवड कळली, पण मंडळाची एक पातळी आहे, दुसरं काहीतरी सुचवा. मी म्हटलं, आम्ही दोघं हेच बघतो. तेव्हा त्यांनी सासूबाईंकडे बघून मान लववली आणि मला म्हणाले, "यांच्यासाठी ठीक आहे हो. यांना तसंही काय कळतंय."

मी काही बोलणार तोच त्यांचा मजला आला. मला योग्य उत्तर नेहमी लिफ्टचं दार बंद झाल्यावर सुचतं. घरात आल्यावर सासूबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि भाजी निवडायला बसल्या. निम्मी जुडी निवडून झाल्यावर म्हणाल्या, "त्या गृहस्थांचे ओठ फार स्वच्छ हलतात. शिकवायचे ना, त्यामुळे."

मग निवडलेली भाजी त्यांनी धुवायला घेतली. पण त्या रविवारी त्यांनी "लावा" म्हटलं नाही. डोळे दुखतात म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. मी एकटाच टीव्हीसमोर बसलो आणि तिथल्या तिथे ठरवलं, की आता 'डाव्या कोपराचा सूड' सभागृहातच होईल, सगळ्यांसमोर, आणि सासूबाई पहिल्या रांगेत बसतील.

निवड नाकारायची तर मंडळाला कारण द्यावं लागतं, आणि "पातळी" हे कारण नियमात नव्हतं. म्हणून प्राध्यापकांनी प्रकरण सोसायटीच्या कमिटीकडे पाठवलं. आमचे सेक्रेटरी एका गोदामाचे व्यवस्थापक आहेत. जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या खणात जाते यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी विचारलं, सिनेमात कराटे आहे का? मी म्हटलं, कराटेच असं नाही, त्याच्या जवळपासचं बरंच काही आहे. त्यांनी सभागृहाच्या नियमावलीत बोट घातलं आणि जाहीर केलं की मग हा कार्यक्रम सांस्कृतिक विभागात येत नाही, क्रीडा विभागात येतो. मी म्हटलं, आम्ही नुसते बसून बघणार. ते म्हणाले, बुद्धिबळही बसूनच खेळतात.

क्रीडा विभागाच्या अटी अशा: सभागृहात येणाऱ्या प्रत्येकाच्या पायात फरशीवर डाग न पडणारे रबरी तळाचे बूट हवेत. प्रथमोपचाराची पेटी हवी. आणि प्रशिक्षित मार्गदर्शक उपस्थित हवा. प्राध्यापक समाधानाने चष्मा पुसत होते. त्यांना वाटलं मी इथे गळणार. मी आयुष्यभर दुसऱ्यांना अटी दाखवून गारद करत आलो आहे. अटींना घाबरणारा माणूस मी नव्हे. तिन्ही मान्य आहेत म्हणून सांगितलं आणि उठलो.

मग सल्ले सुरू झाले. समोरचं जोडपं येऊन म्हणालं, मारामारी थोडी कमी करून दाखवा. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त टंकलेखिका म्हणाल्या, मारामारी राहू द्या, गोष्ट तेवढी काढा. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, आधी कुणाला काही सांगूच नका, 'अभिजात' असं फलकावर लिहा, मग लोक आपोआप गप्प बसतात. दंतवैद्य माझे मित्र आहेत. त्यांनी आपला प्रोजेक्टर आणि स्पीकर द्यायचं कबूल केलं. दातांवरच्या व्याख्यानांसाठी त्यांनी ते घेतलेले आहेत. बायकोने प्रथमोपचाराची पेटी भरून दिली, मात्र ती देताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पेटी कुणासाठी लागणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

मार्गदर्शक म्हणून मी मागच्या गल्लीतल्या कराटेच्या बाईंना गाठलं. त्या ठेंगण्या आहेत आणि इतक्या हळू बोलतात की ऐकण्यासाठी माणूस आपोआप ताठ उभा राहतो. सिनेमाचं नाव ऐकून त्यांच्या कपाळावर आठी आली. कोपराने असं काही करता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणूनच बघायचं. एका अटीवर त्या आल्या: सुरुवातीला सुरक्षिततेबद्दल दोन शब्द बोलू द्यायचे.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. मी जन्मात एवढे कॅनव्हासचे बूट एका जागी पाहिले नव्हते. सेक्रेटरी दारात वाकून एकेकाच्या बुटाचा तळ तपासत होते. काहींनी नातवंडांचे बूट टाच दाबून घातले होते. टंकलेखिका बाईंचे बूट चालताना चमकत होते. प्राध्यापक नवेकोरे पांढरे बूट घालून आले होते आणि आपण ते घातलेले नाहीत अशा चेहऱ्याने बसले. पडदा म्हणून आमच्या डबलबेडची चादर लावली होती. इस्त्री करूनही तिची मधली घडी गेली नव्हती. सासूबाईंना आणायला मला बरीच विनवणी करावी लागली. शेवटी मी म्हटलं, तुम्ही नसाल तर मी हे कुणाबरोबर बघू? तेव्हा त्या आल्या आणि पहिल्या रांगेत कडेला बसल्या, हात मांडीवर ठेवून, परक्याच्या घरी बसल्यासारख्या.

कराटेच्या बाईंचे दोन शब्द लांबले. अंग गरम केल्याशिवाय कुठलाही क्रीडाप्रकार सुरू करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सगळ्यांना उभं केलं. मान फिरवा, खांदे फिरवा, गुडघे वर. प्राध्यापक म्हणाले, मी सिनेमा बघायला आलोय. सेक्रेटरींनी नियमावली वर धरली. प्राध्यापकांनी मान फिरवली, पण ती "नाही, नाही" अशीच फिरवली.

दिवे मालवले. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते एका किडलेल्या दाढेचं. दाढ चादरीएवढी होती. मागून कुणीतरी सुरुवात भारी आहे म्हणालं. दंतवैद्यांनी घाईघाईने ती घालवली आणि डोंगर आला, डोंगरावर धुकं आलं, धुक्यातून खलनायक आला. भुवया इथून तिथपर्यंत. त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

दंतवैद्यांनी वायर काढून घातली, दुसरी काढली, स्पीकरला थोपटलं. स्पीकरने एकदा खोकल्यासारखं केलं आणि जळका वास सोडून तो कायमचा गप्प झाला. पडद्यावर खलनायक मुकाट्याने गुरूला शिव्या देत होता. सभागृहात कुजबुज सुरू झाली. माझे कान तापले. प्राध्यापक उठले, पुढे आले, चष्मा काढला. दुर्दैवाने आजचा कार्यक्रम होऊ शकत नाही, म्हणाले, पण योगायोगाने त्यांच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता. त्या कुंपणवाल्याच दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा. त्यात संवाद मुळातच नव्हते.

आणि तेव्हा सासूबाई हसल्या.

आवाज गेलाय हे त्यांना कुठून कळणार? त्यांच्यासाठी सिनेमा नेहमीसारखाच चालला होता. गुरूने मान वळवली होती आणि दाढी मागे राहिली होती. ऐकू न येणारी माणसं हसतात मोठ्याने. त्या पोट धरून हसल्या आणि शेजारच्या टंकलेखिका बाईंना, तसंच मोठ्याने, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता बघा. हा भुवईवाला म्हाताऱ्याला सांगतोय, तुझी विद्या मला शिकव नाहीतर तुझी कोंबडी मारतो. म्हातारा म्हणतोय, विद्या नेऊ नको, कोंबडी ने. कोंबडी बघा कशी बघतेय."

सभागृह कोंबडीकडे बघू लागलं. ती खरोखरच तशी बघत होती.

प्राध्यापक चादरीसमोर उभे होते, त्यामुळे खलनायकाचं डोकं त्यांच्या शर्टावर आलं होतं. मागून लोक म्हणू लागले, बाजूला व्हा, दिसत नाही. ते बाजूला झाले. सासूबाई पुढे सांगत गेल्या. त्यांनी हा सिनेमा किती वेळा पाहिला असेल देव जाणे, पण ऐकला एकदाही नव्हता. मूळ संवाद मला पाठ आहेत. सासूबाईंचे त्याहून पुष्कळ सरस होते. पहिली मारामारी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि आवाज काढायला लागलो. सटाक, धप्प, फाड. नंतर दंतवैद्यांनी हाडं मोडायचं काम घेतलं. त्यांना त्यातले बारकावे माहीत होते. समोरचं जोडपं तलवारी झालं. टंकलेखिका बाई घोड्यांच्या टापा इतक्या अचूक वाजवत होत्या की सेक्रेटरींनी फरशीकडे पाहिलं. कराटेच्या बाई सुरुवातीला प्रत्येक फटक्याला हळू आवाजात "चूक" म्हणत होत्या. गुरू कोंबडीसाठी धावून जातो तिथे त्यांच्या तोंडून "मार त्याला" निघालं, आणि मग त्या मांडीवर थाप मारून ठोशांचा आवाज देऊ लागल्या. तसा आवाज मूळ सिनेमातही नाही.

शेवटची लढाई आली. नायक कड्यावरून झेपावला, हवेत गिरकी घेतली, डावा कोपर मागे नेला, आणि डिस्क अडकली. नायक तसाच, तारेला लटकलेला. दंतवैद्यांनी जे जे दाबता येईल ते दाबलं. नायक थरथरला पण पुढे सरकेना. सगळे श्वास रोखून बसलेले. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, तुम्हाला येतं ना पुढचं? करा."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं हे मला माहीत आहे. पण सासूबाईंनी आजवर माझ्याजवळ काही मागितलेलं नव्हतं, आणि हातात आलेला मोका सोडायचा तर ती विद्या घेऊन करायचं काय? मी चादरीसमोर गेलो. दंतवैद्यांनी आपणहून खलनायक व्हायचं ठरवून भुवया वर केल्या. मी गिरकी घेतली. फरशीवर डाग न पडणाऱ्या बुटांचा एक गुण असा, की ते फरशी सोडत नाहीत. मी फिरलो, गुडघ्यावरचा मी सगळा फिरलो, पाय मात्र होता तिथेच प्रेक्षकांकडे बघत राहिला. पण कोपर गेला. कोपर दंतवैद्यांच्या छातीला लागला, ते प्रोजेक्टरच्या टेबलावर गेले, मी चादरीला धरलं, चादर माझ्यावर आली आणि चादरीखालून मी ऐकलं की सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय.

मी "आई गं" म्हणत होतो. लोकांना वाटलं खलनायक म्हणतोय.

गुडघ्याचा लिगामेंट फाटला. बायकोने पेटी उघडली, तेव्हा गुडघ्याचं बँडेज तिने आधीच सगळ्यात वर ठेवलेलं होतं. मी माझ्याच कंपनीत दावा केला. माझ्याच हाताखालच्या, मीच तयार केलेल्या सहकाऱ्याने तो फेटाळला: सभागृहाच्या नोंदीनुसार दावेदार क्रीडाप्रकारात सहभागी होता. भाषा इतकी सभ्य होती की मला त्याचा अभिमान वाटला.

प्राध्यापकांनी मात्र हार मानली नव्हती. त्यांनी कमिटीकडून एक माफीपत्र टाइप करून आणवलं. मंडळाच्या प्रतिष्ठेस बाधा आणल्याबद्दल आणि प्रेक्षकांना आरडाओरड करण्यास प्रवृत्त केल्याबद्दल मी दिलगीर आहे, आणि पुन्हा अशी निवड करणार नाही. सही केली नाही तर सभासदत्व रद्द. बायको म्हणाली, कर सही, एका सहीने काय होतं. मी म्हटलं, सहीने काय होतं हे मी रोज कचेरीत बघतो. दंतवैद्य म्हणाले, अस्पष्ट सही करा. शेवटी रविवारी दुपारी प्राध्यापक स्वतःच वर आले. मी सोफ्यावर पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो, सासूबाई शेजारी खुर्चीत, आणि समोर दुसरा एक सिनेमा रंगात आला होता. त्यात तीन भाऊ वेगवेगळ्या प्राण्यांसारखे लढतात.

प्राध्यापकांनी कागद पुढे केला. मी तो वाचला आणि परत दिला. म्हटलं, मी दिलगीर नाही. मला आवडतं ते मी चोरून बघणार नाही, आणि यांना काही कळत नाही असं ज्या मंडळात म्हणतात त्या मंडळात मला राहायचंही नाही. हे मी बसूनच बोललो, कारण उभं राहता येत नव्हतं, पण उभं राहून बोलल्यासारखं बोललो. या वेळी मधे लिफ्टचं दार नव्हतं.

प्राध्यापक लाल झाले. सासूबाईंकडे वळून काहीतरी बोलू लागले. क्षमा असावी, असं असेल. पुढचं मला नीट कळलं नाही, कारण ते नेमके टीव्हीसमोर उभे होते आणि मधला भाऊ बगळ्यासारखा एका पायावर आला होता. सासूबाईंनी त्यांचे ओठ पुरते वाचले, मान हलवली, आणि बोटाने त्यांना बाजूला बसायची खूण केली.

ते खुर्चीच्या कडेवर बसले, लगेच उठणाऱ्या माणसासारखे. कागद गुडघ्यावर. बगळ्याने एकाला लोळवलं. मग दुसऱ्याला. वाघासारखा लढणारा थोरला भाऊ आला आणि त्याने भिंतीतून लाथ घातली. भिंत कागदाची होती. मी कुणाकडे बघितलं नाही. बायको चहाचे कप ठेवून गेली, प्राध्यापकांच्या कपाखाली तिने तो कागद सारला. बऱ्याच वेळाने प्राध्यापक माझ्याकडे झुकले आणि घसा साफ करून, हळू आवाजात, चर्चेला मुद्दा काढावा तसं त्यांनी विचारलं, "तो लाल पट्टेवाला... तो मघाशी मेला होता ना?"

"मेला होता," मी म्हणालो. "आमच्यात चालतं."